गेटऑप्ट_लाँग : टेस्ट बेंचवर वर्षभर वापरून झाल्यावर

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी चाचणी विभाग सांभाळतो. सिलिंडर तयार झाला की तो टेस्ट बेंचवर चढतो, तेल भरून ठरलेल्या दाबापर्यंत नेला जातो आणि तो दाब ठरलेला वेळ टिकतो की नाही हे पाहिले जाते. सेन्सरने टिपलेले आकडे एका फाइलमध्ये साठतात. ती फाइल वाचून सिलिंडर पास की रिजेक्ट हे सांगणारा सी भाषेतला छोटा प्रोग्रॅम मी लिहिला असून तो बेंचला जोडलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतो. दाबाची सीमा किती बार (दाबाचे एकक), फेऱ्या किती झाल्या, अहवाल कोठे ठेवायचा, हे प्रत्येक वेळी कमांड देतानाच सांगावे लागते, कारण प्रत्येक ऑर्डरचा सिलिंडर वेगळा असतो. कमांडमधले हे सांगणे नीट वाचून घेण्याचे काम मी जी-लिबसी या लिनक्सवरच्या सी भाषेच्या मूळ लायब्ररीतल्या गेटऑप्ट_लाँग या फंक्शनवर सोपवले आहे. वर्षभराच्या वापरानंतर त्याचे हे परीक्षण लिहीत आहे. कोडमधली नावे रोमन लिपीत असतात. येथे ती देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

सी भाषा या बाबतीत हात आखडता घेते. मेन या फंक्शनला ती दोनच गोष्टी देते: आर्गसी, म्हणजे कमांडमध्ये किती शब्द आले तो आकडा, आणि आर्गव्ही, म्हणजे त्या शब्दांची रांग. त्यातला कोणता शब्द ऑप्शन (म्हणजे डॅशने सुरू होणारी सूचना), कोणता त्याचे मूल्य आणि कोणता फाइलचे नाव, हे ओळखणे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोडलेले आहे. सुरुवातीला मीही एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा कोड, लिहून प्रत्येक शब्द स्ट्रसीएमपी या तुलना करणाऱ्या फंक्शनने ताडून पाहत होतो. प्रोग्रॅम मी एकटा वापरत होतो तोवर त्यात काही अडले नाही. पाळीवरचे ऑपरेटर वापरू लागल्यावर मात्र पहिल्याच आठवड्यात त्यातले दोष उघडे पडले. एकाने दोन ऑप्शन एकाच डॅशमागे जोडून लिहिले, दुसऱ्याने मूल्य ऑप्शनला चिकटवून लिहिले, तिसऱ्याने फाइलचे नाव आधी दिले आणि ऑप्शन शेवटी. युनिक्सच्या रिवाजाप्रमाणे पहिले दोघे पूर्णपणे बरोबर होते. अडाणी होता तो माझा लूप.

हा रिवाज जुना आहे आणि त्याला पाळणारे फंक्शनही जुने आहे. एटी अँड टीने गेटऑप्टचा सोर्स १९८५ साली डॅलस येथे भरलेल्या युनिफोरम परिषदेत सर्वांसाठी खुला केला, आणि पुढे ते पॉसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात स्थिरावले. दोन डॅशने सुरू होणारी लांब नावे मात्र पॉसिक्सच्या गेटऑप्टमध्ये नाहीत. ती ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या गेटऑप्ट_लाँगमध्ये मिळतात. जी-लिबसी एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली असल्यामुळे पैसे मोजावे लागत नाहीत, आणि लिनक्सच्या बहुतेक यंत्रांवर ती आधीपासून बसवलेलीच असते.

वापरायची रीत सोपी आहे. लहान ऑप्शनसाठी अक्षरांची एक ओळ द्यायची. ज्या अक्षरापुढे विसर्गासारखे दोन टिंब, म्हणजे कोलन, असेल त्याला मूल्य लागते. लांब नावांसाठी एक तक्ता द्यायचा. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत नाव, मूल्य लागते की नाही, एक पॉइंटर (स्मृतीतला पत्ता) आणि परत यायचा आकडा असे चार रकाने असतात, आणि शेवटची ओळ शून्यांची असावी लागते, कारण तक्ता कोठे संपला हे फंक्शनला दुसऱ्या कशानेही कळत नाही. मग एका लूपमध्ये फंक्शनला पुन्हा पुन्हा बोलवायचे. प्रत्येक खेपेस ते एक ऑप्शन ओळखून देते, त्याचे मूल्य ऑप्टार्ग या पॉइंटरमध्ये ठेवते, आणि ऑप्शन संपले की उणे १ परत देते. त्यानंतर ऑप्टइंड हा आकडा उरलेल्या शब्दांची, आमच्याकडे फाइलींच्या नावांची, सुरुवात दाखवतो.

ग्नूच्या या फंक्शनची मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे ते आर्गव्हीची रांग स्वतःच लावून घेते. फाइलचे नाव आधी आले आणि ऑप्शन नंतर, तरी ते ऑप्शन पुढे आणते आणि नावे मागे सरकवते. पॉसिक्सचा नियम असा की पहिला साधा शब्द आला की ऑप्शन संपले असे मानायचे. तोच नियम हवा असेल तर ऑप्शनच्या ओळीच्या सुरुवातीला अधिकचे चिन्ह ठेवावे लागते. आमच्या बेंचवर मी ते मुद्दाम ठेवलेले नाही. आपल्या बोलण्यात आधी वस्तू येते आणि मग तिचे काय करायचे ते येते: ‘ही फाइल घे आणि सीमा इतकी लाव.’ ऑपरेटर टर्मिनलवर त्याच क्रमाने टाइप करतात, आणि कोणाला क्रम शिकवण्याची वेळ मला आलेली नाही.

आता चुकीबद्दल. ती माझीच होती, पण या फंक्शनच्या वाटेवर ती इतक्या जणांची वाट पाहत असते की सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. प्रोग्रॅम मी घरी टिळकवाडीत माझ्या लॅपटॉपवर लिहिला, तेथे तो व्यवस्थित चालला, आणि तोच सोर्स बेंचवरच्या रास्पबेरी पायवर कंपाइल करून मी घरी गेलो. रात्री नऊच्या सुमारास बेंचवरच्या ज्येष्ठ ऑपरेटरांचा, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, फोन आला. “सायेब, कमांड दिली तर नुसतं बसून राहिलंय बघा. काय लिहीत नाही, संपत नाही, आणि पेटी तेवढी गरम व्हायलीय.” मी जाऊन पाहिले. प्रोग्रॅम खरोखरच प्रोसेसर पूर्ण वापरत होता आणि पडद्यावर एक अक्षरही उमटत नव्हते.

गेटऑप्ट_लाँग इंट, म्हणजे पूर्णांक, परत देते, आणि मी ते उत्तर कॅर या एका बाइटाच्या प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवले होते. लॅपटॉपच्या इंटेल जातीच्या प्रोसेसरवर कॅर उणे आकडा धरू शकतो, म्हणून तेथे उणे १ हे उणे १ च राहिले आणि लूप संपला. रास्पबेरी पायच्या एआरएम प्रोसेसरवर लिनक्समध्ये कॅर ठरावाने बिनउणे असतो. त्यात ठेवलेले उणे १ हे २५५ बनते. २५५ आणि उणे १ कधीच सारखे होत नाहीत, म्हणून ऑप्शन संपल्यावरही लूप फिरतच राहिला, आणि माझ्या स्विचमध्ये (उत्तराप्रमाणे पुढचे काम निवडणाऱ्या भागात) अनोळखी उत्तरासाठी काही लिहिलेले नसल्यामुळे तो मुकाट्याने फिरला. दुरुस्ती एका शब्दाची होती: कॅरच्या जागी इंट. मी कंपाइलरला जास्तीच्या सूचना द्यायला सांगितले असते, तर ही तुलना नेहमीच खरी ठरते असे त्याने पाय यंत्रावर तेव्हाच बजावले असते. त्या रात्रीपासून जास्तीच्या सूचना चालू केल्याखेरीज मी काहीही कंपाइल करत नाही. फंक्शनच्या माहितीपानात परतीचा प्रकार स्पष्ट लिहिलेला आहे, त्यामुळे मी लायब्ररीला दोष देत नाही. नवख्याला मात्र सांगतो की ते पान टर्मिनलवर उघडताना तीनचा आकडा द्यावा. नुसते गेटऑप्ट लिहिले तर शेलसाठी (टर्मिनलवरच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) असलेल्या त्याच नावाच्या कमांडचे पान उघडते आणि वाचणारा भलतीकडेच जातो.

गेटऑप्ट_लाँग ऑप्शन कोठे आहे ते ओळखते. मूल्य बरोबर आहे की नाही यात ते पडत नाही. ऑप्टार्ग हा आर्गव्हीतल्याच शब्दाकडे बोट दाखवणारा पॉइंटर असतो, त्या शब्दात आकडा आहे की मजकूर याचे त्याला सोयरसुतक नसते. सीमा या ऑप्शनला मूल्य लागते असे तक्त्यात सांगितले, आणि ऑपरेटर मूल्य विसरून लगेच पुढचा ऑप्शन लिहून गेला, तर तो पुढचा ऑप्शनच सीमेचे मूल्य म्हणून गिळला जातो. यामागे कारणही आहे: सेन्सरची शून्य-दुरुस्ती आम्हाला कधी उणे ३ अशी द्यावी लागते, आणि डॅशने सुरू होणारे मूल्य फंक्शनने नाकारले असते तर ती देता आली नसती. म्हणून तपासणी आपणच करायची. एटोआय हे मजकुराचा आकडा करणारे फंक्शन वापरू नये, कारण वाचता न आलेल्या मजकुरालाही ते मुकाट्याने शून्य म्हणते, आणि दाबाची सीमा शून्य झाली तर प्रत्येक सिलिंडर पास ठरतो. त्याच कामाचे स्ट्रटोल वापरावे, वाचन कोठे थांबले ते दाखवणारा पॉइंटर शब्दाच्या टोकाला पोचला आहे का ते पाहावे, आणि निदान एक तरी अंक वाचला गेला आहे याची खात्री करावी.

आमच्या भागात ही तपासणी आणखी एका कारणाने लागते. पाळीवर खानापूर तालुक्यातले मराठी बोलणारे आहेत, तसे बैलहोंगल आणि गोकाककडचे कन्नड बोलणारेही आहेत. दोन्ही भाषा सगळ्यांना येतात, पण टाइप करताना ज्याचा हात ज्या लिपीवर बसलेला असतो तीच येते. कळफलक मराठीवर राहिला असेल तर दोनशे दहा हा आकडा २१० असा देवनागरी अंकांत येतो, कन्नडवर असेल तर कन्नड अंकांत. स्ट्रटोलला फक्त इंग्रजी अंक कळतात. बाकी दोन्हींसाठी ते पहिल्याच अक्षराला थांबते. मी आधी नुसता चुकीचा संदेश देत होतो, पण २१० असे स्वच्छ लिहिणाऱ्या माणसाला ‘आकडा चुकला’ म्हणणे मला पटेना. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी अंकाचे तीन बाइट २२४, १६५ आणि मग १६६ ते १७५ असे असतात. कन्नड अंकाचे २२४, १७९ आणि पुन्हा १६६ ते १७५. म्हणजे फरक फक्त मधल्या बाइटचा आहे, आणि तिसऱ्या बाइटातून १६६ वजा केले की दोन्ही लिप्यांत अंक हाती येतो. दहा-बारा ओळींचे हे रूपांतर मी स्ट्रटोलच्या आधी बसवले. संपूर्ण प्रोग्रॅममध्ये मला सर्वांत समाधान देणाऱ्या ओळी त्याच आहेत.

लांब नावेही मराठीत ठेवता येतात, हे मला प्रयोग केल्यावरच कळले. फंक्शन नावांची तुलना बाइट पाहून करते, त्या बाइटांची लिपी कोणती याच्याशी त्याला देणेघेणे नसते, म्हणून ‘--सीमा’ हे नाव इंग्रजी नावाइतकेच चालते. लहान ऑप्शन मात्र एका बाइटाचाच असावा लागतो. एका डॅशपुढे ‘द’ लिहिले तर त्याचे तीन बाइट तीन अनोळखी ऑप्शन समजले जातात आणि एकाखाली एक तीन तक्रारी पडद्यावर येतात, त्याही मोडक्या चौकोनांसह. त्यामुळे लहान ऑप्शन इंग्रजीत आणि लांब नावे इंग्रजी, मराठी, कन्नड अशी तिन्ही भाषांत ठेवली. तक्त्यात एकाच ऑप्शनला कितीही नावे देता येतात. फक्त बाकीचे तीन रकाने सारखे ठेवायचे. सीमेला कन्नडमध्ये ‘मिती’ म्हणतात, आणि आपल्याकडे मिती म्हणजे तिथी, तारीख. नाव कन्नड लिपीतच असल्यामुळे प्रोग्रॅमचा गोंधळ होत नाही, पण मदतीचा मजकूर लिहिताना या शब्दापाशी मला थांबून विचार करावा लागला.

खरी अडचण आली ती ‘--फेऱ्या’ या नावाने. माझ्याकडे ते चालत होते, दुसऱ्या पाळीच्या एका मुलाने टाइप केले की चालत नव्हते, आणि पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसत होते. दोघांनी शेजारी बसून बाइट छापून पाहिले तेव्हा उलगडा झाला. अर्ध्या र चे हे रूप दोन प्रकारे लिहिता येते: एक म्हणजे ऱ या स्वतंत्र अक्षराला हलंत जोडून, आणि दुसरे म्हणजे साध्या र ला हलंत आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारे जोडचिन्ह देऊन. त्याचा कळफलक दुसऱ्या प्रकारचा होता. फंक्शनच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे होती आणि तक्त्यात त्यातले एकच होते. दोन्ही रूपे तक्त्यात घातली आणि प्रश्न मिटला. मराठीत नावे देणाऱ्यांनी शक्यतो साधी अक्षरे असलेले शब्द निवडावेत. मी फेऱ्या हा शब्द सोडला नाही, कारण बेंचवर त्याला दुसरे काही म्हणतच नाहीत.

नाव अर्धवट लिहिले तरी, दुसऱ्या कोणत्या नावाशी घोळ होत नसेल तर, ते चालते. ही सोय पडद्यासमोर बसून टाइप करताना चांगली आहे, पण स्क्रिप्टमध्ये ती वापरू नये. आमच्या रोजच्या अहवालाच्या स्क्रिप्टमध्ये मी ‘--सी’ एवढेच लिहून ठेवले होते. पुढे ‘--सील’ हा नवा ऑप्शन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अहवालच निघाला नाही, कारण ‘सी’ म्हणजे सीमा की सील हे ठरवता येईना. त्याचप्रमाणे मूल्य दिले तरी चालेल, न दिले तरी चालेल, असा ऐच्छिक प्रकार मी एकदा ‘--अहवाल’साठी वापरला आणि लगेच काढून टाकला. त्यात मूल्य बरोबरीच्या चिन्हाने जोडूनच द्यावे लागते. मध्ये मोकळी जागा सोडली तर फंक्शन ते मूल्य मानत नाही, साधा शब्द मानते. परिणामी अहवालाचे नाव वाचायच्या फाइलींत जाऊन बसले. ज्याला वेगवेगळ्या सवयींची माणसे वापरणार आहेत अशा प्रोग्रॅममध्ये हा प्रकार घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

फोनवरून पाठवलेल्या कमांडचा त्रासही नोंदवण्यासारखा आहे. मी सुट्टीवर असताना संदेशातून कमांड लिहून पाठवली. फोनच्या कळफलकाने दोन डॅशांची मिळून एक लांब रेघ केली, आणि ती कमांड बेंचवर जशीच्या तशी चिकटवली गेली. लांब रेघ हा डॅश नव्हे, वेगळे अक्षर आहे, म्हणून फंक्शनने तो ऑप्शन न मानता फाइलचे नाव मानले. पडद्यावर ‘—सीमा=२१० नावाची फाइल सापडली नाही’ असे आले आणि बेंचवरचे लोक फाइल शोधत बसले. आता फाइल उघडण्यापूर्वी नावाच्या सुरुवातीला अशी रेघ आहे का ते मी पाहतो आणि असल्यास सरळ शब्दांत सांगतो.

सरळ शब्दांत सांगण्याची सोय या फंक्शनमध्ये आहे आणि ती फार मोलाची आहे. स्वतःहून ते इंग्रजीत तक्रार छापते. ऑप्टएर या व्हेरिएबलला शून्य केले की गप्प बसते. ऑप्शनच्या ओळीची सुरुवात कोलनने केली तर मूल्य विसरले असता कोलन परत येते आणि ऑप्शनच अनोळखी असेल तर प्रश्नचिन्ह, त्यामुळे दोन्हींसाठी वेगळे वाक्य लिहिता येते. आमच्याकडे ते वाक्य आधी मराठीत, खाली कन्नडमध्ये येते: ‘सीमेचा आकडा राहिला आहे. उदाहरणार्थ: --सीमा=२१०.’ उदाहरण दिल्यापासून मला रात्री फोन आलेला नाही.

पर्याय दोन पाहिले. जी-लिबसीतच असलेले आर्गपी हे मदतीचा मजकूर, वापराची ओळ आणि आवृत्ती स्वतः छापून देते आणि मोठ्या प्रोग्रॅमचे ऑप्शन तुकड्यातुकड्यांत मांडू देते. सगळे काम लिनक्सवरच असेल तर तेच घ्यावे असे मी म्हणेन. पॉप्ट ही आरपीएम आणि आरसिंक या लिनक्सवरच्या प्रोग्रॅमांत वापरलेली लायब्ररी आहे, आणि तीत वापरणाऱ्याला स्वतःची टोपणनावे फाइलमध्ये लिहून ठेवता येतात. आमच्या छोट्या प्रोग्रॅमसाठी वेगळी लायब्ररी सांभाळणे मला जड वाटले.

आर्गपी मी घेतले नाही ते कार्यालयातल्या विंडोज यंत्रामुळे. तेथे मी मिनजीडब्ल्यू या विंडोजसाठीच्या कंपाइलरने कंपाइल करतो, त्यात गेटऑप्ट_लाँग मिळते, आर्गपी मिळत नाही. सोर्स एकही ओळ न बदलता तेथे चालला. फक्त विंडोजवर मेनला मिळणारे शब्द यूटीएफ-८ मध्ये येत नाहीत, कोडपेज या जुन्या अक्षर-पद्धतीतून येतात, आणि देवनागरी अक्षरांची वाटेतच प्रश्नचिन्हे होतात. म्हणून कार्यालयात इंग्रजी नावे वापरतो. मराठी आणि कन्नड नावे बेंचवर.